नेम नसलेल्या रॉकेटचा नेम गरिबावरच का?

६ सप्टेंबर २०२४ रोजी मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातील मोइरांग गावात डोंगराच्या बाजूने एक रॉकेट येऊन पडले. मणिपूरचे पहिले मुख्यमंत्री मैरेंबम कोइरेंग सिंह यांच्या घराचे आवार ते हे ठिकाण. तेथे पूजाविधीच्या तयारीत असलेला एक वृद्ध जागीच ठार झाला. एका किशोरवयीन मुलीसह आणखी काहीजण जखमी झाले. पोलिसांनी कुकी अतिरेक्यांवर संशय घेतला. लोखंडी नळकांड्यात दारू ठासून घरगुती पद्धतीने बनवलेले हे हत्यार होते. सोडणाऱ्याला त्या वृद्धाशी काही वैर नव्हते. तो वृद्ध तिथे आहे, हेही त्याला ठाऊक नव्हते. त्याने फक्त दिशा धरली आणि बत्ती दिली.

वर्ध्याच्या वाचकाला मोइरांगचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की रॉकेटचा, बॉम्बगोळ्याचा, सुरुंगाचा प्रश्न वर्ध्याच्या वाचकाइतका महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाच्याही उंबरठ्यावर नाही. ज्या जिल्ह्याची ओळख जगाला सेवाग्रामची, चरख्याची आणि अहिंसेची म्हणून करून दिली जाते, त्याच जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात, पुलगावला, देशातले सर्वांत मोठे दारूगोळा भांडार आहे. १९७४ पासून दारूबंदी असलेला हा जिल्हा. पण बंदी आहे ती बाटलीतल्या दारूला, गोळ्यातल्या दारूला नाही! ही विसंगती आम्ही गंमत म्हणून सांगत नाही. त्या दारूगोळ्याने वर्धा जिल्ह्यात किती माणसे मारली याचा हिशेब आम्ही पुढे देणार आहोत. पण आधी रॉकेटकडे वळू.

ज्याला मार्गदर्शन नाही असे रॉकेट म्हणजे काय? एक नळी, तिच्यात जळणारे इंधन, पुढे स्फोटक, मागे दिशा टिकवायला पंख. बस्स! एकदा सुटले की त्याला वळवणारे काही नाही. वारा, नळीचा कोन, इंधन भरण्यातला फरक, या सगळ्यांची चूक अंतराबरोबर वाढत जाते. सोव्हिएत बनावटीचे १२२ मिलिमीटरचे 'ग्रॅड' रॉकेट १९६३ पासून वापरात आहे. ते सुमारे २० किलोमीटर जाते, पण इतक्या लांबवर त्याची चूक शेकडो मीटरांत मोजावी लागते. ते बनवले गेले ते एका वाहनावरून ४० रॉकेट एकदम सोडून शत्रुसैन्याचा अख्खा पट्टा भाजून काढण्यासाठी. एकेकटे रॉकेट गावाच्या दिशेने सोडायचे, तर त्यात नेम नसतोच. असतो तो जुगार. आणि गाझातील हमासचे 'कस्साम' तर ग्रॅडहूनही कच्चे. लोखंडी पाइप, साखर आणि खतातून काढलेले पोटॅशियम नायट्रेट एवढ्यावर ते उडते. २००१ मध्ये ते पहिल्यांदा इस्रायलवर सोडले गेले. २८ जून २००४ रोजी स्देरोत या गावात त्याने पहिले बळी घेतले. त्या दोघांपैकी एक चार वर्षांचे मूल होते.

अशी हत्यारे अतिरेकी गट का वापरतात हे समजायला फार मोठा अभ्यास लागत नाही. रॉकेट स्वस्त आहे, गल्लीतल्या कारखान्यात बनते, झाडाखालून किंवा शाळेच्या आवारातून सोडून दोन मिनिटांत पळता येते. काही शे डॉलरच्या एका रॉकेटला आकाशात अडवायला इस्रायलला चाळीस-पन्नास हजार डॉलरचे क्षेपणास्त्र खर्च करावे लागते. दहा रॉकेट वाया गेली तरी अकराव्याच्या धाकाने शहर तळघरात बसते. आपण बलाढ्य सत्तेची झोप उडवली हे दाखवता येते, आणि त्या बातमीवर संघटनेला पैसा व पोरे दोन्ही मिळतात. म्हणजे या हत्याराचा उपयोग लष्करी कमी आणि जाहिरातीचा जास्त!

आता खरा प्रश्न. जुगारात सुटलेले हे रॉकेट पडते कोणावर? गणिताने ते कोणावरही पडायला हवे. पण प्रत्यक्षात तसे होत नाही.

२००६ च्या लेबनॉन युद्धात ३४ दिवसांत हिजबुल्लाने उत्तर इस्रायलवर सुमारे चार हजार रॉकेट सोडली. त्यांत चाळीसहून अधिक नागरिक मेले. त्यांतले सुमारे दीड डझन हे ज्यू नव्हते, इस्रायलचे अरब नागरिक होते! ज्यांच्या नावाने लढतो म्हणायचे त्यांच्याच घरावर रॉकेट. नाझरेथ या अरब शहरात दोन लहान भाऊ ठार झाले, तेव्हा हिजबुल्लाचा प्रमुख हसन नसरल्ला याला दूरचित्रवाणीवर त्या कुटुंबाची माफी मागावी लागली. पण अरब नागरिक इतक्या प्रमाणात का मेले? कारण ज्यू वस्त्यांत जमिनीखालचे निवारे होते, अरब गावांत ते जवळजवळ नव्हतेच. रॉकेट हिजबुल्लाचे, पण भिंत कोणाकडे असावी हे इस्रायलच्या अर्थसंकल्पाने आधीच ठरवून ठेवले होते.

दक्षिणेत नेगेव्हच्या वाळवंटात याहून विदारक चित्र आहे. तेथील बेदुइन अरबांची कित्येक गावे सरकारने मान्यच केलेली नाहीत. ती नकाशावर नाहीत. म्हणून तिथे वीज नाही, भोंगा नाही, निवारा नाही. रॉकेट अडवणाऱ्या यंत्रणेच्या लेखी तो 'मोकळा माळ' आहे आणि मोकळ्या माळावर पडणारे रॉकेट अडवायचे नसते! २०१४ मध्ये अशाच एका वस्तीत रॉकेटने माणूस मेला. प्रकरण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारला निवारे बांधण्याचा आदेश दिला नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने हजारो रॉकेट सोडली तेव्हा याच वस्त्यांत मुलांसह अनेक बेदुइन मारले गेले. गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. गावकूस तिथेही आहे. फक्त तिथे त्याचे काम संगणक करतो.

आणि त्या देशात आपली मराठी माणसेही आहेत, हे किती जणांना माहीत आहे? कोकणातल्या अलिबाग-पेण पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गाव 'शनिवार तेली' म्हणे, ते बेने इस्रायली. धर्म वेगळा, तरी इथल्या समाजाने त्यांना एका जातीच्या खोपटात बसवून टाकलेच होते. ते इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली आणि इतर ज्यूंशी त्यांच्या विवाहावर अटी लादल्या. जेरुसलेममध्ये धरणे धरून, आंदोलन करून १९६४ मध्ये त्यांनी आपला दर्जा संसदेकडून मान्य करून घेतला. पण घरे कुठे मिळाली? अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा सीमेकडच्या आणि वाळवंटातल्या नव्या गावांत, मोरोक्कोहून आलेल्या गरीब ज्यूंच्या शेजारी. २००८ च्या डिसेंबरात गाझाच्या रॉकेटचा पल्ला वाढला तेव्हा अश्दोद आणि बीरशेबा त्याखाली आले. घरात सुरक्षित खोली बांधण्याची सक्ती तिथे १९९१ च्या आखाती युद्धानंतर आली. त्याआधीच्या जुन्या स्वस्त सदनिकांत ती खोली नाही. त्या सदनिकांत कोण राहते ते वेगळे सांगायला नको.

परदेशी मजुराची गोष्ट तर याहून उघडी. ११ मे २०२१ रोजी अश्केलोनमध्ये गाझाहून आलेल्या रॉकेटने केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील एक महिला ठार झाली. ती एका वृद्धेची सेवा करण्याच्या कामावर होती. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी मेतुला येथे हिजबुल्लाच्या रॉकेटने एक इस्रायली शेतकरी आणि त्याच्यासोबत चार थाई शेतमजूर मेले. एकाला चार हे प्रमाण लक्षात ठेवा. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने रद्द झाल्यावर त्यांच्या जागी पाठवण्यासाठी २०२४ च्या जानेवारीत हरियाणा आणि उत्तर प्रदेशात बांधकाम मजुरांची भरती झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही भरतीची फेरी झाली. महिना सव्वा लाखाहून अधिक पगाराचा आकडा ऐकून रांगा लागल्या. त्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांना आम्ही दोष देणार नाही. ज्या सरकारला आपल्या तरुणाला देशात काम देता येत नाही आणि रॉकेटच्या पल्ल्यात पाठवता येते, त्या सरकारला मात्र जाब विचारावाच लागेल.

इथे आमच्या चळवळीतल्याच काही मित्रांशी दोन शब्द बोलले पाहिजेत. पॅलेस्टिनी जनतेवर अन्याय झाला आहे, होत आहे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. गाझात ऑक्टोबर २०२३ पासूनच्या दोन वर्षांत तेथील आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे ६७ हजारांवर माणसे मारली गेली, त्यांत बायका आणि मुले किती! हे मारणारे बॉम्ब पुष्कळसे मार्गदर्शित होते, नेम धरून टाकलेले होते. नेम असणे हे निर्दोषपणाचे प्रमाणपत्र नव्हे. पण म्हणून हमासचे रॉकेट हे 'शोषितांचे हत्यार' ठरते काय? आम्ही म्हणतो, ठरत नाही. जे हत्यार सैनिक आणि तान्हे मूल यांत भेद करूच शकत नाही, ते वस्तीकडे तोंड करून सोडणे हा गुन्हा आहे. सोडणाऱ्याची बाजू न्याय्य असल्याने तो गुन्हा पुसला जात नाही. १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पुरवणी मसुद्यात भेदभाव न करणाऱ्या हल्ल्याला मनाई आहे. आणि बाबासाहेबांनी तर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत, सनदशीर मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग धरणे म्हणजे अराजक, हे स्वच्छ शब्दांत बजावले होते. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या त्यांच्या निबंधाचा गाभाही साध्याइतकेच साधन तपासण्याचा आहे. मोइरांगच्या वृद्धाला मारणारा कुकी तरुण स्वतःही दुखावलेला असेल. मे २०२३ पासून मणिपुरात अडीचशेवर माणसे मेली, साठ हजार बेघर झाली, दोन्ही बाजूंची. पण त्या रॉकेटने कुकींच्या छावणीतल्या एकाही कुटुंबाला घर परत मिळाले नाही.

आणि या रॉकेटांचा फायदा शेवटी कोणाला होतो, हे आमच्या वाचकांनी आपल्याच अनुभवावरून ताडून पाहावे. सप्टेंबर २००६ मध्ये आंध्र पोलिसांनी महबूबनगर आणि प्रकाशम जिल्ह्यांत माओवाद्यांसाठी मालवाहतुकीतून आलेली सुमारे पावणेनऊशे रिकामी रॉकेट पकडली. ती चेन्नईजवळच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत घडवलेली होती. त्याच महिन्याच्या २९ तारखेला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा राज्याचे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी काय सांगितले? आंदोलनामागे नक्षलवादी आहेत! भोतमांगे कुटुंबाच्या चार प्रेतांवर बोलायचे सोडून सरकार आंदोलकांच्या खिशात नक्षलवाद शोधू लागले. माओवाद्यांच्या एकाही रॉकेटने खैरलांजीच्या एका आरोपीचा बालही बाका झाला नाही. पण त्या रॉकेटांच्या नावावर विदर्भातील आंबेडकरी पोरांवर गुन्हे मात्र चढवता आले. गडचिरोलीतही सुरुंगाने उडाले ते बहुतांशी आदिवासी, बहुजनांचे पोलीस पुत्र आणि खबऱ्या ठरवून मारले गेले तेही आदिवासीच.

आता पुलगाव. रॉकेटचे एक टोक असते ते पडते तिथे. दुसरे टोक असते ते बनते, साठवले जाते आणि मुदत संपल्यावर मोडले जाते तिथे. पहिल्या टोकावर कॅमेरे असतात. दुसऱ्या टोकावर विदर्भातला मजूर असतो.

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या भांडारात आग लागली आणि स्फोटांची मालिका सुरू झाली. आगरगाव, नागझरी परिसरातील लोक अंधारात पोरेबाळे घेऊन पळत सुटले. एकूण १९ जण मेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते आणि बहुसंख्य होते अग्निशमनाचे कर्मचारी, आगीकडे धावत जाणे हेच ज्यांचे काम. पुढे चौकशीत रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी गळत होते, ही गोष्ट समोर आली. म्हणजे शत्रू नव्हता, घातपात नव्हता. सदोष माल गोदामात पडून होता आणि त्याची राखण माणसे करत होती.

अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी सातच्या सुमारास, भांडाराजवळच्या सोनेगाव (आबाजी) येथील मैदानावर जुना दारूगोळा निकामी करण्यासाठी उतरवला जात असताना स्फोट झाला. सहा जण ठार झाले. एक जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा कर्मचारी होता. बाकीचे कोण? कंत्राटदाराने आणलेले आजूबाजूच्या खेड्यांतले मजूर. खड्डे खणायचे, पेट्या उतरवायच्या, एवढेच त्यांना माहीत. पेटीत काय आहे, ती आपटली तर काय होते, हे शिकवण्याची जबाबदारी कोणाची होती? सैनिक मेला तर तिरंगा, अधिकारी मेला तर सलामी. आणि रोजंदारीवरचा मजूर मेला तर कंत्राटदाराच्या वहीतले नाव खोडले जाते. हा भेद कोणत्या युद्धशास्त्रात बसतो?

या मैदानाच्या शेजारच्या शेतांत स्फोट घडवताना शेतकऱ्याला कामे सोडून दूर व्हावे लागते, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. स्फोटानंतर पितळेचे, तांब्याचे तुकडे उरतात आणि त्या तुकड्यांना भंगारात भाव मिळतो. ज्याच्याकडे कोरडवाहू दोन एकरही नाही, त्याला तो भाव मोहात पाडतो. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राच्या भोवतालीही भंगारासाठी न फुटलेला गोळा हाताळताना माणसे मेली आहेत. गाझाच्या ढिगाऱ्यातले न फुटलेले गोळे आणि सोनेगावच्या रानातले न फुटलेले गोळे यांत जातीचा फरक नाही. न फुटलेल्या स्फोटकांच्या सफाईची जबाबदारी ठरवणारा २००३ चा आंतरराष्ट्रीय मसुदा आहे आणि भारताने तो स्वीकारला आहे. पण तो युद्धानंतरच्या भूमीला लागू. वर्धा जिल्ह्यात युद्ध झालेले नाही, म्हणून त्या संरक्षणाच्या कक्षेत वर्ध्याचा भंगारवेचा येत नाही.

पुलगावहून नागपूर तासा-दीड तासाच्या वाटेवर. तिथे पिनाक रॉकेट बनते. हे मुळात मार्गदर्शन नसलेलेच रॉकेट, ४४ सेकंदांत बारा सुटतात; कारगिलमध्ये १९९९ ला ते पहिल्यांदा वापरले गेले. ते सैन्याचे आहे, अतिरेक्यांचे नाही, हा फरक आम्ही मानतो. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी संरक्षण खात्याने पिनाकच्या रॉकेटांसाठी १०,१४७ कोटींचे करार केले, एक नागपूरच्या खासगी कंपनीशी आणि दुसरा सरकारी कंपनीशी. शेअर बाजार खूश झाला. याच पट्ट्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात नऊ कामगार मेले, त्यांत सहा महिला. जून २०२४ मध्ये धामण्याच्या कारखान्यात स्फोट, मेलेल्यांत पुन्हा बहुसंख्य महिला. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत आठ कामगार छताखाली गाडले गेले. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते तोच वर सांगितलेला कोट्यवधींचा करार झाला! या प्रत्येक घटनेनंतर मदत जाहीर झाली, चौकशी जाहीर झाली. चौकशीचे अहवाल मात्र मेलेल्यांच्या घरापर्यंत मराठीत कधी गेले, हे आम्हाला कोणी दाखवून द्यावे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेही महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालू असताना या माणसाने कामाच्या तासांचा प्रश्न धसास लावला आणि १९४६ मध्ये कारखाना कायद्यात आठवड्याचे ४८ तास आले. युद्ध चालू आहे म्हणून मजुराने गप्प बसावे, असे त्यांनी म्हटले नाही. आज तर युद्धही नाही. तरी उलटा प्रवास सुरू आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस मजूर ठेवणाऱ्या कंत्राटदाराला लागू होत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही मर्यादा पन्नासवर नेली आहे. दारूगोळ्याच्या पेट्या उतरवायला एका वेळी पन्नास मजूर लागत नाहीत.

म्हणून देवळी तालुक्यातल्या, पुलगावातल्या आमच्या कार्यकर्त्यांनी रॉकेटवर भाषणे ठोकण्याआधी एक काम करावे. भांडारात आणि निकामी करण्याच्या मैदानावर कंत्राटदारामार्फत कोण-कोण जाते, त्यांची गाववार यादी करावी. त्यांना प्रशिक्षण मिळते काय, विमा आहे काय, मजुरी कोणाच्या सहीने निघते, हे माहितीच्या अधिकारात मागावे. संरक्षणाचे कारण सांगून दारूगोळ्याचा तपशील नाकारता येईल. मजुराच्या हजेरीपटाला ते कारण लागू करता येणार नाही. नाकारलेच तर अपिलाला तीस दिवस असतात.